पायाची दाबजन्य बधिरता

पायाची दाबजन्य बधिरता म्हणजे अवघडलेल्या स्थितीत झोपल्यामुळे किंवा बसल्यामुळे पायातील मज्जातंतूवर दाब पडून पावलाची संवेदना कमी होणे होय. बोलीभाषेत या अवस्थेस 'पायाला मुंग्या येणे' किंवा 'पाय बधिर होणे' असे म्हणतात. पंगतीत मांडी घालून बराच वेळ बसलेल्या माणसाला उठताना हा अनुभव येतो आणि पाय मोकळा करताच काही मिनिटांत तो नाहीसा होतो. झोपेतून उठल्यावर जाणवलेली बधिरता मात्र काही तास, दिवस किंवा आठवडे टिकली, तर मज्जातंतूला प्रत्यक्ष इजा झालेली असण्याचा संभव असतो. या दोन अवस्थांतील भेद ओळखण्यासाठी दोन गोष्टी पाहाव्या लागतात : बधिरता किती काळ टिकली आणि तिच्याबरोबर पावलाची शक्तीही कमी झाली आहे काय.

शरीररचना

कमरेतून निघणारा सायटिक मज्जातंतू मांडीच्या मागील बाजूने खाली उतरतो व गुडघ्यामागील खळग्याच्या वरच्या भागात टिबियल आणि पेरोनियल अशा दोन शाखांत विभागला जातो. टिबियल शाखा पोटरीच्या स्नायूंखाली खोलवर असल्याने सुरक्षित राहते. तळपायाची संवेदना प्रामुख्याने तिच्याकडे असते. पेरोनियल शाखा गुडघ्याच्या बाहेरील बाजूस फिब्युला या बारीक हाडाच्या मानेला वळसा घालते. या ठिकाणी तिच्यावर त्वचा आणि थोडी चरबी यांखेरीज फारसे आच्छादन नसते. गुडघ्याच्या बाहेरील बाजूस बोटांनी चाचपल्यास हाडाचा जो उंचवटा लागतो, त्याच्या किंचित खाली ही जागा आहे. झोपेत पायावर दाब पडून होणारी इजा बहुधा याच ठिकाणी होते. पोटरीची बाहेरील बाजू व पावलाचा वरचा भाग यांची संवेदना आणि पाऊल व बोटे वर उचलण्याची क्रिया ही या शाखेची कार्ये होत.

बधिरता येण्याची प्रक्रिया

'पायाचे रक्त थांबले' असे स्पष्टीकरण सामान्यतः दिले जाते. ते अंशतः खरे आहे. अवघडून बसल्याने संपूर्ण पायाचा रक्तप्रवाह सहसा बंद पडत नाही. दाबलेल्या मज्जातंतूला रक्त पुरवणाऱ्या सूक्ष्म वाहिन्या मात्र चेपल्या जातात. ब्रिटिश वैद्यक थॉमस लुईस व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३१ साली दंडाला पट्टा आवळून केलेल्या प्रयोगांतून, अल्पकालीन बधिरता मज्जातंतूचा रक्तपुरवठा अडल्याने येते, असा निष्कर्ष काढला. दाब निघून रक्त पुन्हा वाहू लागताच तंतू अनियमित संदेश पाठवू लागतात. हेच संदेश मेंदूला मुंग्यांच्या किंवा टोचणीच्या रूपाने जाणवतात. त्यामुळे मुंग्या येणे हे या ठिकाणी संवेदना परत येत असल्याचे लक्षण असते.

दीर्घकाळ टिकणाऱ्या बधिरतेची प्रक्रिया निराळी आहे. मज्जातंतूतील अनेक तंतूंभोवती मायलिन नावाचे मेदयुक्त वेष्टन असते व त्यामुळे संदेश वेगाने जातो. ओचोआ, फाउलर आणि गिलिअट या संशोधकांनी १९७२ साली बबून वानरांवरील प्रयोगांत दाखवले की, तीव्र दाबामुळे हे वेष्टन आपल्या जागेवरून सरकते व विस्कटते. वेष्टन पूर्ववत होईपर्यंत त्या जागी संदेश अडून राहतो. म्हणूनच दाब निघून गेला तरी बधिरता लगेच जात नाही.

इजेचे प्रकार

ब्रिटिश शल्यविशारद हर्बर्ट सेडन यांनी १९४३ साली मज्जातंतूच्या इजांचे तीन प्रकार केले. न्यूरोप्रॅक्सिया या सौम्य प्रकारात केवळ संदेशवहन थांबते, तंतू अखंड राहतो. ॲक्सोनोटमेसिसमध्ये आतील तंतू तुटतो, पण त्याभोवतीची नळी शाबूत राहते. न्यूरोटमेसिसमध्ये मज्जातंतू पूर्णपणे छेदला जातो. झोपेतील दाबाने होणारी इजा बहुतेक वेळा पहिल्या प्रकारची असते व काही दिवसांपासून सुमारे ३ महिन्यांत भरून येते. दुसऱ्या प्रकारात तंतू दिवसाला सुमारे १ मिलिमीटर या गतीने पुन्हा वाढतो. त्यामुळे गुडघ्यापासून पावलापर्यंतच्या अंतरास अनेक महिने लागतात.

कारणे व जोखीम

निरोगी माणूस झोपेत वारंवार कूस बदलतो व त्यामुळे एकाच जागी दीर्घकाळ दाब पडत नाही. मद्य, झोपेच्या गोळ्या, शस्त्रक्रियेतील भूल किंवा गंभीर आजारपण यांमुळे ही हालचाल मंदावते. थोड्या काळात वजन बरेच घटल्यास मज्जातंतूवरील चरबीचे आच्छादन कमी होते. मधुमेह असणाऱ्यांचे मज्जातंतू दाबाला लवकर बळी पडतात. काही कुटुंबांत १७व्या गुणसूत्रावरील एका जनुकाच्या अभावामुळे किरकोळ दाबानेही वारंवार बधिरता येते.

जागेपणीही असाच दाब पडू शकतो. पायावर पाय टाकून बसण्याची सवय, गुडघ्याखाली घट्ट बसलेले प्लास्टर आणि शेतात उकिडवे बसून दीर्घकाळ केलेले काम ही त्याची परिचित कारणे आहेत. तासन्‌तास टाचांवर बसून राहिल्याने पाऊल लुळे पडल्याची नोंद अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात १९७१ साली 'योगा फूट ड्रॉप' या नावाने प्रसिद्ध झाली.

लक्षणे व निदान

केवळ संवेदना कमी असेल, तर इजा सहसा सौम्य असते. टाचांवर चालता न येणे, पायाचा अंगठा वर उचलता न येणे, चालताना पाऊल जमिनीला घासणे किंवा चप्पल पायातून निसटणे ही पाऊल लुळे पडल्याची लक्षणे होत. अशा वेळी वैद्यकीय तपासणी लांबवू नये.

कमरेतील मणक्याची गादी सरकूनही पाऊल लुळे पडते. त्यात बहुधा कंबर व पाय दुखतो आणि पाऊल आतल्या बाजूस वळवण्याची शक्तीही कमी होते. पेरोनियल मज्जातंतूच्या इजेत ती टिकून राहते. दोन्ही पावलांत मोज्याच्या आकाराची बधिरता हळूहळू वाढत असेल, तर मधुमेह किंवा ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता यांचा विचार करावा लागतो. बधिरतेबरोबर त्वचेवर फिकट किंवा लालसर, संवेदनाहीन चट्टा असल्यास कुष्ठरोगाची तपासणी आवश्यक ठरते. या रोगात फिब्युलाच्या मानेजवळचा हाच मज्जातंतू जाड होतो. वेळीच औषधे घेतल्यास हा रोग पूर्ण बरा होतो; मात्र 'झोपेत पाय दबला असेल' असे समजून विलंब झाल्यास आलेली विकृती कायम राहू शकते.

मज्जातंतूची विद्युतवहन चाचणी इजेची जागा व तीव्रता दाखवते. तुटलेल्या तंतूंमधील बदल पूर्णपणे प्रकट होण्यास २ ते ३ आठवडे लागत असल्याने या मुदतीनंतर केलेली चाचणी अधिक माहिती देते.

तातडीची लक्षणे

पुढील परिस्थितीत त्वरित रुग्णालयात जावे : एका बाजूच्या हातापायात अचानक बधिरता येऊन चेहरा वाकडा होणे किंवा बोलणे अडखळणे, जांघेत व बसण्याच्या जागेत बधिरता येऊन लघवीवरील नियंत्रण जाणे, पाय थंड व पांढुरका पडून तीव्र वेदना होणे, दीर्घकाळ निपचित पडून राहिल्यावर पोटरी ताठ होऊन सुजणे.

उपचार व काळजी

दाब दूर करणे हा मुख्य उपचार होय. बरे होईपर्यंत पायावर पाय टाकून बसणे व उकिडवे बसणे टाळावे. पाऊल लुळे पडले असल्यास घोट्याला आधार देणारी पट्टी वापरतात व व्यायामोपचार करतात. सुमारे ३ ते ४ महिन्यांत सुधारणा न दिसल्यास किंवा गाठीमुळे दाब पडत असल्यास शस्त्रक्रियेचा विचार केला जातो. जीवनसत्त्वाच्या गोळ्यांचा उपयोग मुख्यतः शरीरात त्याची कमतरता असेल तरच होतो.

बधिर पावलाला भाजल्याचे किंवा काटा रुतल्याचे कळत नाही. त्यामुळे अशा पावलाला गरम पाण्याच्या पिशवीने शेकू नये, अनवाणी चालू नये आणि रोज तळपाय पाहावा. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची कूस साधारण दर २ तासांनी बदलावी व गुडघ्याची बाहेरील बाजू पलंगाच्या कठड्याला टेकणार नाही याकडे लक्ष द्यावे.