कान्होजींना तमिळ घरांत नेणारे सांडिल्यन

मागच्या काही भागांत आपण तंजावरच्या भोसल्यांबद्दल बोललो. आज मी तुम्हाला एका कादंबरीकाराकडे नेणार आहे. इतिहासाच्या मालिकेत कादंबरीकार कशाला, असं काही जण विचारतील. प्रश्न रास्त आहे, पण थोडा धीर धरा.

मी मूळचा सातारा जिल्ह्यातला. मला कमिशन मिळालं ते मद्रास रेजिमेंटमध्ये. आमच्याकडे नियम असा की अधिकाऱ्याला जवानांची भाषा आली पाहिजे, म्हणून 'वीर मद्रासी, अडी कोल्लु, अडी कोल्लु' या रणघोषापासून माझं तमिळ सुरू झालं. माझ्या कंपनीत तिरुनेलवेलीकडचा एक नाईक होता. मी महाराष्ट्रातला आहे हे कळल्यावर त्याने मला पहिला प्रश्न विचारला, "साब, सुवर्णदुर्ग तुमच्या गावापासून किती लांब?" शिवाजी महाराजांबद्दल विचारलं असतं तर नवल वाटलं नसतं. पण सुवर्णदुर्ग? त्याला विजयदुर्ग ठाऊक होता, कुलाबा ठाऊक होता, आणि कान्होजी आंग्र्यांना तो 'सरखेल' म्हणत होता. शाळा दहावीपर्यंतच झालेली. हे सगळं त्याला कुठून मिळालं, तर साप्ताहिकातली पानं फाडून, दोऱ्याने शिवून बांधलेल्या एका जाडजूड बाडातून. त्यावर नाव होतं 'जलदीपम्', म्हणजे पाण्यावरचा दिवा. लेखक सांडिल्यन.

निवृत्तीनंतर मी चेन्नईत वेस्ट मांबलमला स्थायिक झालो. आमच्याकडून रेल्वेचे रूळ ओलांडले की त्यागरायनगर, म्हणजे टी. नगर. आज तिथे साड्या आणि दागिन्यांची गर्दी असते. पण 1930 च्या दशकात हे नवं वसलेलं उपनगर होतं आणि लेखक-पत्रकारांना तिथे घर परवडत असे. सांडिल्यन तिथलेच. खरं नाव भाष्यम अय्यंगार. 'सांडिल्यन' म्हणजे आपला शांडिल्य ऋषीच, तमिळ प्रत्यय लावलेला. जन्म 10 नोव्हेंबर 1910, मूळ गाव मायिलाडुदुरैजवळचं तिरुइंदळूर. म्हणजे कावेरीच्या काठचा माणूस. हा सगळा मुलूख एके काळी तंजावरच्या मराठी राज्यात होता, हे लक्षात ठेवा.

टी. नगरात त्यांच्या शेजारी 'कल्की' कृष्णमूर्ती राहत. मणिरत्नमच्या चित्रपटांमुळे 'पोन्नियिन सेल्वन' हे नाव आता मराठी घरांतही पोचलं आहे. ते याच कल्कींचं. त्यांनी या तरुणाची गोष्ट वाचली, त्यांना ती आवडली, आणि 'आनंद विकटन'मध्ये त्याच्या कथा छापल्या जाऊ लागल्या. पुढे 1935 ते 1942 सांडिल्यन 'स्वदेशमित्रन' या दैनिकात बातमीदार होते. नंतर सिनेमा. बी. एन. रेड्डींचा 'स्वर्गसीमा' 1945 चा, नागय्यांचा 'एन वीडु' 1953 चा. या दोन्हींच्या लेखनात त्यांचा हात होता. बातमीदाराला जागेचं बंधन असतं आणि पटकथाकाराला प्रेक्षक खुर्चीतून उठू द्यायचा नसतो. या दोन्ही तालमी त्यांना पुढे उपयोगी पडल्या.

त्यांना घराघरांत नेलं ते 'कुमुदम' साप्ताहिकाने. 1947 साली निघालेलं हे साप्ताहिक अफाट खपायचं आणि सांडिल्यनांच्या क्रमशः कादंबऱ्या हा त्याच्या खपाचा मोठा आधार होता. 'कन्नी माडम्', 'यवन राणी', 'कडल पुरा', 'राज मुद्रै' या त्यातल्या गाजलेल्या. 'कुमुदम' त्यांना कादंबऱ्यांसाठी महिन्याला पगार देत असे. आपल्याकडच्या लेखकांनी हे वाक्य दोनदा वाचावं. नोकरी सांभाळून रात्री लिहायचं आणि मानधनाच्या मनिऑर्डरची वाट पाहायची, अशा काळात एका माणसाचं घर ऐतिहासिक कादंबरीवर चालत होतं. पुढे 'कुमुदम' सोडून त्यांनी 'कमलम' नावाचं स्वतःचं साप्ताहिक काढलं. ते चाललं नाही. पुस्तकं मात्र टी. नगरच्याच वानती प्रकाशनाकडून निघत राहिली आणि आजही निघतात.

आता 'जलदीपम्'कडे येऊ. काळ आहे अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकाचा. इदयचंद्रन नावाचा तरुण तंजावरच्या गादीच्या हरवलेल्या वारसाचा शोध घेत कोकणात पोचतो आणि कान्होजींच्या आरमारात दाखल होतो. पुढे तीन खंडांत लढाया, कारस्थानं आणि प्रेमप्रकरणं. एका नायकामागे किती नायिका असाव्यात याची मर्यादा सांडिल्यनांनी कधी घालून घेतली नाही. स्त्रीसौंदर्याची वर्णनं तर पानंच्या पानं चालतात. तोफ डागायची वेळ झालेली असते आणि आमचा वीर कुणाच्या तरी पापण्यांकडे पाहत उभा! एक फौजी म्हणून माझा जीव तिथे कासावीस होतो. ते संस्कृतात मुरलेले होते, शृंगाररस त्यांना वर्ज्य नव्हता, आणि 'कुमुदम'च्या वाचकालाही नव्हता.

इतिहास किती खरा? हरवलेला वारस काल्पनिक. तंजावरचे शहाजीराजे 1712 मध्ये निपुत्रिक वारले आणि त्यांचे धाकटे भाऊ सरफोजी गादीवर आले. तेव्हा कुणी वारस शोधायला कोकणात गेलं नव्हतं. गंमत अशी की तोतयाचं प्रकरण तंजावरात खरोखर घडलं, पण नंतर. सरफोजींचा मुलगा म्हणवणारा 'काट्टुराजा', म्हणजे रानराजा, 1738 च्या सुमारास थोडा काळ गादीवर बसला होता.

कोकणाची चौकट मात्र पक्की आहे. ताराबाई आणि शाहू महाराज यांच्यातला वाद, 1713 मध्ये बाळाजी विश्वनाथांनी घडवलेला तह, आणि त्यातून कान्होजींचं शाहूंच्या बाजूला येणं हे खरं राजकारण. आणि आंग्र्यांची लढाईची पद्धत! त्यांची गुराबं दोन डोलकाठ्यांची असली तर साधारण दीडशे टनांची, तीन डोलकाठ्यांची असली तर तीनशेच्या आसपास. गलबतं लहान, सत्तर टनांच्या आत, चाळीस-पन्नास वल्ह्यांची. वारा पडला की इंग्रजी जहाज जागच्या जागी अडकायचं. मग गलबतं वल्हवत गुराबांना ओढून त्याच्या पिछाडीला आणायची, कारण तिथे त्याच्या तोफा कमी. आधी शिडं आणि डोलकाठ्या फोडायच्या, मग चढाई. बलाढ्य शत्रूची ताकद ज्या बाजूला नाही तिथून त्याला गाठायचं, हे आम्ही अकादमीत नकाशावर शिकलो. त्या नाईकाला ते कादंबरीतून समजलं होतं आणि माझ्यापेक्षा चांगलं समजावता येत होतं.

वादाचं मूळ होतं दस्तक. कान्होजींचं म्हणणं, हे पाणी शाहू छत्रपतींचं, इथून माल न्यायचा तर आमचा परवाना घ्या. कंपनी म्हणे, आम्ही घेणार नाही. मग जहाजं पकडली गेली आणि कंपनीच्या कागदांत कान्होजी 'चाचा' झाले. 1718 मध्ये इंग्रजांनी खांदेरीवर हल्ला केला, फसला. 1721 मध्ये पोर्तुगीजांना बरोबर घेऊन कुलाब्यावर गेले, तोही फसला. 4 जुलै 1729 ला कान्होजी वारले तोवर त्यांना समुद्रावर कुणी हरवू शकलं नाही.

कादंबरीतल्या इंग्रज तरुणी पाहून मला आधी वाटलं, हा नुसता मसाला. पण खरी हकिकत कादंबरीला लाजवणारी आहे. कॅथरीन कुक ही मुलगी 1709 मध्ये आईबापांबरोबर कारवारला उतरली. वय जेमतेम तेरा-चौदा. तिथल्या वखारीच्या प्रमुखाशी, जॉन हार्वीशी तिचं लग्न लावलं गेलं; तो वयाने कितीतरी मोठा. 1712 मध्ये तो वारला आणि तिने थॉमस चाऊनशी लग्न केलं. त्याच वर्षी नोव्हेंबरात दोघं मुंबईच्या गव्हर्नरच्या जहाजातून निघाले आणि आंग्र्यांच्या आरमाराने ते जहाज गाठलं. चाऊन लढाईत मेला, कॅथरीन कैद झाली. फेब्रुवारी 1713 मध्ये 30,000 रुपये मोजून कंपनीने तिला सोडवलं. पुढे तिने विल्यम गिफर्डशी तिसरं लग्न केलं. तोही 1721 मध्ये केरळात अंजेंगोला मारला गेला. पंचविशीच्या आसपास तिसऱ्यांदा विधवा. त्या मुलीच्या बाजूने हा किनारा कसा दिसला असेल, हे लिहायला आजही कुणी बसलं तर मी आधी पैसे भरून पुस्तक नोंदवीन.

तमिळ समीक्षकांनी सांडिल्यनांना कधी जवळ केलं नाही. कल्कींना मरणोत्तर का होईना, 1956 मध्ये साहित्य अकादमी मिळाली. आपल्या रणजित देसाईंना 'स्वामी'साठी 1964 मध्ये मिळाली. सांडिल्यनांना नाही. माझं मत विचाराल तर कल्की अधिक चांगले लेखक, यात शंका नाही. देसाईंचे माधवराव मनात रुततात तसा इदयचंद्रन रुतत नाही. पण एक हिशेब मांडा. मराठीत ऐतिहासिक कादंबरी हरिभाऊ आपट्यांपासून आजवर बहुतेक आपल्याच छत्रपती-पेशव्यांभोवती फिरली. करिकाल चोळाचा कावेरीपट्टणम्, कुलोत्तुंगाचा कलिंगस्वारी करणारा सेनापती करुणाकर, श्रीविजयकडे गेलेली जहाजं, यांवर मराठी वाचकाने किती कादंबऱ्या वाचल्या? सांडिल्यन मात्र चोळ-पांड्य लिहून थांबले नाहीत. 'मलै वासल'मध्ये ते गुप्त आणि हूणांकडे गेले, 'जीव भूमी'त राजपुतांकडे, आणि 'जलदीपम्'मध्ये आपल्याकडे. तेही अशा काळात, जेव्हा मद्रासच्या राजकारणात उत्तर-दक्षिण वाद टिपेला होता. मराठी सरखेल तिथल्या वाचकांनी दर आठवड्याला आपला मानून वाचला.

11 सप्टेंबर 1987 रोजी ते वारले. पन्नासच्या आसपास कादंबऱ्या मागे ठेवून. वेस्ट मांबलममध्ये भाड्याने पुस्तकं देणारं एक जुनं दुकान आहे; तिथे 'कडल पुरा'चा पहिला खंड मागितला की हमखास बाहेर गेलेला असतो.

ज्यांना तमिळ वाचता येतं त्यांनी सुरुवात 'कन्नी माडम्'पासून करावी, ती आटोपशीर आहे. 'जलदीपम्' वाचताना शेजारी कोकण किनाऱ्याचा नकाशा उघडून ठेवा आणि सौंदर्यवर्णनं आली की पानं उलटायला संकोच करू नका. पुढच्या भागात कुलाब्याची 1721 ची मोहीम घेऊ: इंग्रज आणि पोर्तुगीज एकत्र येऊनही तिथे काय बिघडलं ते.