जेट कार्यक्रम

जेट कार्यक्रम हा परदेशी पदवीधरांना जपानमधील शाळांत व स्थानिक प्रशासनांत नेमणारा जपान सरकारचा उपक्रम आहे. तो १९८७ साली अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड या देशांतील ८४८ जणांसह सुरू झाला.

कामाचे स्वरूप

सहभागींपैकी बहुसंख्य साहाय्यक भाषा शिक्षक असतात. ते प्रामुख्याने इंग्रजीच्या तासाला जपानी शिक्षकाच्या जोडीने शिकवतात. या पदासाठी पदवी आवश्यक असते. जपानी भाषेचे ज्ञान अनिवार्य नसते. करार एका वर्षाचा असून तो जास्तीत जास्त पाच वर्षांपर्यंत वाढवता येतो. नेमणुकीसाठी पसंतीचे ठिकाण कळवता येते, मात्र ते मिळेलच असे नाही. अनेकांना खेड्यांत किंवा बेटांवर जावे लागते. काही शाळांत त्यांच्याकडून केवळ पाठ वाचून घेतले जातात. अशा शिक्षकाला उपहासाने ‘मानवी टेपरेकॉर्डर’ म्हटले जाते.

२०११ची त्सुनामी

११ मार्च २०११ रोजीच्या त्सुनामीत इशिनोमाकी व रिकुझेन्ताकाता येथील दोन अमेरिकी साहाय्यक शिक्षक मृत्युमुखी पडले. इशिनोमाकीतील शिक्षिकेच्या स्मरणार्थ त्यांच्या कुटुंबीयांनी तेथील शाळांना इंग्रजी पुस्तके दिली. त्यांसाठी कपाटे घडवणाऱ्या स्थानिक सुताराने त्याच आपत्तीत आपली तीन मुले गमावली होती.