पडद्यावरील आगगाडी

इंग्लंडांतील जुन्या काळाचें कथानक दूरचित्रवाणीवर आलें म्हणजे त्यांत वाफेची आगगाडी बहुधा असावयाचीच. धुराचा लोट उसळतो, इंजिन शीळ घालतें, फलाटावर रुमाल हालतात आणि प्रेक्षक विनातक्रार शंभर वर्षें मागें जातो. रेल्वेच्या इतिहासाचा नाद लागलेला मनुष्य मात्र नेमका तेथेंच अडखळतो. प्रस्तुत लेखक या अभागी वर्गांतला आहे. घरांतील मंडळी खून कोणीं केला याचा तर्क करीत असतात, आणि मी डबा कोणत्या सालचा याचा.

या मालिकांतील चुका ठराविक असतात. कथा १९३० च्या सुमाराची, आणि डबे ब्रिटिश रेल्वेनें १९५१ पासून वापरांत आणलेल्या 'मार्क वन' जातीचे. इंजिनावरील क्रमांकही असाच चुगली करतो. तेथील चार मोठ्या कंपन्या १ जानेवारी १९४८ रोजीं राष्ट्राच्या मालकीच्या झाल्या. त्यानंतर साधारणपणें सदर्न कंपनीच्या इंजिनांच्या मूळ क्रमांकांत तीस हजार, लंडन मिडलंड अँड स्कॉटिशच्या क्रमांकांत चाळीस हजार व लंडन अँड नॉर्थ ईस्टर्नच्या क्रमांकांत साठ हजार मिळविण्यांत आले; ग्रेट वेस्टर्नचे पितळी क्रमांक तेवढे तसेच राहिले. तेव्हां महायुद्धावर निघालेल्या सैनिकाच्या गाडीला साठ हजारांच्या घरांतला आंकडा दिसला, तर युद्ध संपल्यानंतर मिळावयाचा क्रमांक तिनें आधींच लावून घेतला असें समजावें.

दारावरील वर्गाचा आंकडा याहूनही बोलका असतो. मिडलंड कंपनीनें १८७५ च्या आरंभीं दुसरा वर्ग मोडला आणि तिसऱ्या वर्गाच्या उतारूंना गादीची बैठक दिली. इतर कंपन्या कुरकुरत तिच्या मागून गेल्या. त्यामुळें ब्रिटनमधील बहुतेक गाड्यांना कित्येक वर्षें पहिला वर्ग होता, तिसरा होता, पण मधला नव्हता. तिसऱ्याला 'दुसरा' हें नांव मिळालें तें थेट १९५६ च्या जूनमध्यें.

यावर कोणी म्हणेल कीं, नाटक हें नाटक आहे. डब्याच्या वयाशीं रसिकाला काय कर्तव्य? हा आक्षेप बव्हंशीं मला मान्य आहे. क्रमांक चुकला म्हणून निरोपाचें दुःख खोटें ठरत नाहीं. पण कांहीं चुका निराळ्या जातीच्या असतात. त्या वस्तूची नव्हे, तर माणसाच्या अवस्थेची साक्ष बिघडवितात.

९ जुलै १८६४ च्या रात्रीं नॉर्थ लंडन रेल्वेच्या पहिल्या वर्गाच्या डब्यांत टॉमस ब्रिग्ज नांवाच्या वृद्ध बँक-कर्मचाऱ्यावर हल्ला झाला व त्याला रुळांवर फेंकून देण्यांत आलें. दुसऱ्या दिवशीं तो मरण पावला. फ्रान्झ म्युलर या जर्मन शिंप्याला अमेरिकेपर्यंत पाठलाग करून पकडण्यांत आलें आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत तो फांसावर गेला. ब्रिटनच्या आगगाडींतील हा पहिला खून. साऱ्या देशाला त्यानें जो हादरा बसला, त्याचें कारण डब्याच्या रचनेंत होतें. प्रत्येक कप्पा चोहोंकडून बंद, दारें फक्त बाहेर उघडणारीं. गाडी सुटली कीं, पुढचें स्टेशन येईपर्यंत समोरच्या अनोळखी मनुष्याच्या हातीं आपला जीव. पुढें १८६८ च्या कायद्यानें, वीस मैलांहून अधिक अंतर न थांबतां जाणाऱ्या गाड्यांत उतारूंना गाडीच्या नोकरांस सूचना देण्याची सोय सक्तीची झाली. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत आंतून चालत जातां येईल अशी गाडी ग्रेट वेस्टर्ननें आणली ती १८९२ सालीं. आतां १८६० च्या सुमाराची कथा अशा बोळाच्या डब्यांत चित्रित केली तर काय होईल? भ्यालेली स्त्री उठून शेजारच्या कप्प्यांत कां जात नाहीं, हेंच प्रेक्षकाला समजणार नाहीं. येथें डबा चुकला नाहीं, भीतीच नाहींशी झाली.

हें सारें मी एकदां घरीं मोठ्या आवेशानें सांगत होतों. मुलीनें शांतपणें विचारलें, "पण बाबा, तो खरा डबा त्यांनीं आणायचा कुठून?" मला उत्तर सुचलें नाहीं.

त्याचें उत्तर पुढें विचार करतां सांपडलें, आणि तें कांहींसें खिन्न करणारें आहे. ब्रिटिश रेल्वेच्या मुख्य मार्गांवरील वाफेचा अंमल १९६८ च्या ऑगस्टांत संपला. इंजिनें भंगारांत गेलीं. वेल्समधील बॅरी येथील एका भंगारवाल्यानें आधीं मालडबे तोडावयास घेतले व इंजिनें तशींच राहूं दिलीं. या योगायोगानें तेथून २१३ इंजिनें वांचलीं. लांकडी डब्यांचें नशीब याहून वाईट. लोखंड काढून घेण्यासाठीं पुष्कळ डबे जाळले गेले, कांहींचीं शेतावर खोपटीं झालीं. पोलादी 'मार्क वन' टिकले, म्हणून तेच पडद्यावर येतात. स्टेशनांचीही तीच गत. 'डाउनटन ॲबी' ही मालिका २०१० सालीं सुरू झाली. तिच्यांतील गांव यॉर्कशरमधलें. पण स्टेशन म्हणून दिसतें तें दक्षिणेस ससेक्समधील, ब्लूबेल रेल्वेवरचें हॉर्स्टेड केन्स, दोनशें मैलांहून अधिक दूरचें.

या अडचणींतून एक प्रामाणिक वाटही निघूं शकते. ई. नेस्बिट या लेखिकेच्या १९०६ च्या 'द रेल्वे चिल्ड्रेन' या कादंबरीवर बीबीसीनें १९६८ सालीं मालिका केली व १९७० सालीं चित्रपट निघाला. दोहोंचें चित्रण यॉर्कशरमधील कीथली अँड वर्थ व्हॅली मार्गावर झालें. चित्रपटांत वापरलेलें ५७७५ क्रमांकाचें इंजिन १९२९ चें, म्हणजे कथेहून तरुण. पण त्यावर एका काल्पनिक कंपनीचें नांव व रंग चढविला गेला. आम्ही अमुक कंपनी दाखवितों असा दावाच नसल्यामुळें तेथें खोटेपणाही उरला नाहीं.

तेव्हांपासून माझी टीकेची धार थोडी बोथट झाली आहे, कारण इतिहासाचा अध्यापकही दुसरें काय करतो? ज्यांचे कागद उरले, त्यांच्यावरून तो साऱ्या काळाचें चित्र काढतो. ज्यांचे जळून गेले, त्यांच्या जागीं उरलेल्यांनाच उभें करतो. पोलादी डबा टिकला म्हणून तो त्या काळाचा प्रतिनिधि ठरत नाहीं, हें मला पडद्यासमोर चटकन् कळतें. वर्गांत शिकवितांना तितक्या चटकन् कळत असे, असें छातीवर हात ठेवून सांगवत नाहीं. आतां घरीं मालिका लागली म्हणजे क्रमांक व रंग यांविषयीं मी मौन पाळतों. बंद कप्प्याच्या जागीं बोळ दिसला, तर मात्र अजूनही बोलतों.