साभारचा स्मृतिसौध : सात भिंतींची गोष्ट

मागच्या भागात आपण टांगाईलच्या पॅराशूट उडीबद्दल बोललो. ११ डिसेंबर १९७१ ला तिथे उतरलेली २ पॅरा ही मूळची मराठा लाइट इन्फन्ट्रीची तिसरी पलटण, हेही सांगितलं होतं. हीच पलटण १६ डिसेंबरला ढाक्याच्या वेशीवर, तुराग नदीवरच्या मिरपूर पुलापाशी होती आणि शहरात शिरली. आज त्याच रस्त्याने उलट दिशेला, ढाक्याबाहेर जायचं आहे. साधारण ३५ किलोमीटरवर साभार लागतं, आणि तिथे बांगलादेशाचा 'जातीय स्मृतिसौध' उभा आहे.

'जातीय' वाचून दचकू नका. बंगालीत जाती म्हणजे राष्ट्र. तेव्हा हा त्यांचा राष्ट्रीय स्मृतिसौध.

निवृत्तीनंतर मी तिथे गेलो, बरोबर माझ्याच कोर्सचा एक मित्र होता. आम्ही दोघंही १९७१ नंतर बऱ्याच वर्षांनी फौजेत आलो. पण ज्यांच्या हाताखाली घडलो ते सुभेदारसाहेब आणि सीओ त्या लढाईतून आलेले. मेसमध्ये रात्री गप्पा निघाल्या की जमालपूर, आखौरा, हिली ही नावं आपल्या गावाच्या वेशीसारखी कानावर पडत. त्यामुळे साभारला पोचताना आमच्या डोक्यात एकच गोष्ट होती : ३ ते १६ डिसेंबर, तेरा दिवस.

फाटकातून समोर पाहिलं तर एक निमुळता, आभाळात घुसलेला सुळका दिसतो. एखाद्या भाल्याच्या पात्यासारखा. चालत बाजूला गेलात की तो सुळका उलगडायला लागतो, आणि लक्षात येतं की हा एक खांब नाहीच. समद्विभुज त्रिकोणाच्या आकाराच्या भिंतींच्या सात जोड्या आहेत, एकीच्या पोटात दुसरी. सर्वांत बाहेरची जोडी सर्वांत बुटकी, पण पायाशी सर्वांत जास्त पसरलेली. आत जावं तशी रुंदी आवळत जाते आणि उंची वाढत जाते. अगदी आतली जोडी १५० फुटांवर जाऊन टेकते. प्रत्येक कोनातून वेगळी आकृती दिसते. मी कॅमेरा घेऊन तासभर फिरलो, एक फोटो दुसऱ्यासारखा आला नाही.

या सात भिंती म्हणजे सात टप्पे. १९५२ चं भाषा आंदोलन, १९५४ ची संयुक्त आघाडीची निवडणूक, १९५६ चं राज्यघटनेचं आंदोलन, १९६२ चं शिक्षण आंदोलन, १९६६ ची सहा कलमी मागणी, १९६९ चा जनउठाव आणि १९७१ चं मुक्तियुद्ध. म्हणजे आम्ही ज्याला अख्खी गोष्ट समजत होतो ती त्यांच्या हिशेबात सातवी भिंत! स्वातंत्र्याचा पाया त्यांनी भाषेच्या लढ्यात धरला आहे. आपल्यापैकी बेळगावात किंवा हैदराबादेत वाढलेल्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

सातच्या आकड्याची लोकांनी आणखीही गणितं बसवली आहेत. सोळा डिसेंबर म्हणजे एक अधिक सहा, बावन्न म्हणजे पाच अधिक दोन, सात मार्चचं शेख मुजीब यांचं भाषण, आणि 'बीरश्रेष्ठ' हा सर्वोच्च किताब मिळालेले वीरही सातच. त्यातलं किती आरेखनात होतं आणि किती नंतर सुचलं, या वादात मी पडत नाही.

वास्तूइतकीच तिथपर्यंतची वाट महत्त्वाची. ८४ एकरांचा परिसर आहे. तुम्ही सरळ चालत जाऊन मनोऱ्याला हात लावू शकत नाही. फरसबंदी मध्येच चढते, मध्येच उतरते. एक कृत्रिम तळं पुलावरून ओलांडावं लागतं. आणि मनोऱ्याच्या आधी सामूहिक कबरी येतात. मनोरा काँक्रीटचा, राखाडी. बाकी सगळं, पायवाटा, कठडे, चौथरे, लाल विटांचं. गाळाच्या त्या प्रदेशात दगड मिळणं मुश्कील, वीट हाच तिथला जुना जिन्नस. पण तो लाल रंग रक्ताचाही आहे, आणि कबरींपाशी तो तसाच दिसतो.

आता हे कोणी उभारलं ते पाहा. पायाभरणी १६ डिसेंबर १९७२ ला मुजीब यांनी केली. १९७५ मध्ये त्यांची हत्या झाली. १९७८ मध्ये झिया-उर-रहमान यांच्या काळात आराखड्यांची स्पर्धा झाली. १९८१ मध्ये त्यांचीही हत्या झाली. मुख्य मनोऱ्याचं काम ऑगस्ट १९८२ मध्ये सुरू झालं आणि त्याच वर्षी १६ डिसेंबरला जनरल इर्शाद यांनी उद्घाटन केलं, तेही मार्शल लॉ असताना. दहा वर्षं, तीन सत्ताधीश, दोन हत्या. आपली अमर जवान ज्योती युद्ध संपल्यावर सहा आठवड्यांच्या आत, २६ जानेवारी १९७२ ला इंडिया गेटखाली उभी राहिली. पण आपल्याला फक्त जवानांना मानवंदना द्यायची होती. त्यांना 'आपण कोण' हेच ठरवायचं होतं.

स्पर्धेत ५७ आराखडे आले. निवडला गेला सैयद मैनुल हुसेन या तरुणाचा. वय २६. ढाक्याच्या अभियांत्रिकी विद्यापीठातून वास्तुशास्त्राची पदवी घेऊन जेमतेम दोन वर्षं झालेली. आणि उद्घाटनाच्या दिवशी या माणसाला निमंत्रण नव्हतं. बडे लोक निघून गेल्यावर तो गर्दीत उभा राहून स्वतःचीच कृती पाहून आला. १९८८ मध्ये त्याला एकुशे पदक मिळालं, पण पुढचं आयुष्य आजारपणात आणि एकांतात गेलं. १० नोव्हेंबर २०१४ ला तो वारला. फौजेत पूल बांधतो तो सॅपर आणि फीत कापतो तो जनरल, हे मी खूप पाहिलंय. तरी ही गोष्ट वाचली तेव्हा राग आला.

परतताना माझा मित्र गप्प होता. मग म्हणाला, "सगळं ठीक आहे रे. पण आपल्या पोरांचं नाव कुठंय?" मलाही ते टोचत होतं. परमवीर अल्बर्ट एक्का तिथल्याच गंगासागरला पडला. मी त्याला म्हटलं, "त्यांचं तरी नाव कुठं आहे? एकही नाव कोरलेलं दिसलं का तुला? एक पुतळा, एक चेहरा?" तो म्हणाला, "त्याने माझं समाधान होत नाही." माझंही पूर्ण झालेलं नाही, खरं सांगतो.

पण ऑगस्ट २०२४ मध्ये तिथे सत्तापालट झाला तेव्हा मला हे बोलणं आठवलं. मुजीब यांचे पुतळे पाडले गेले. मुजीबनगरच्या स्मारकातली शरणागतीच्या प्रसंगाची शिल्पं फोडली गेली. पुढे फेब्रुवारी २०२५ मध्ये मुजीब यांचं धानमंडीचं घरही जमीनदोस्त झालं. आणि शपथ घेतल्याच्या दुसऱ्या दिवशी नवे प्रमुख मोहम्मद युनुस फुलं वाहायला कुठे गेले? साभारला. त्यांच्याआधीचे सगळे जिथे जात होते, तिथेच.

मित्राला फोन करून हे सांगितलं. तो म्हणाला, "चेहरा नव्हता म्हणून वाचलं, असं म्हणायचंय का तुला?" मी म्हटलं, "बहुतेक." थोडं थांबून तो म्हणाला, "मग त्या मैनुलचं नाव तरी कोरायला हवं होतं."

पुढच्या भागात आपण जमालपूरला जाऊ, पहिल्या मराठाबरोबर.