निळूभाऊंचा पाटील आणि आमचा मारुती कांबळे

भंडारदऱ्याचं धरण इंग्रजांनी १९२६ साली पुरं केलं. कागदोपत्री विल्सन डॅम, आतल्या पाण्याचं नाव आर्थर लेक. आम्ही नुसतं 'धरण' म्हणायचो. धरण उशाला अन् कोरड घशाला, ही म्हण आमच्याकडं शाळेत शिकवावी लागत नाही. प्रवरेचं पाणी रंध्यावरून खाली उडी घेतं आणि पुढं पाटानं संगमनेर, राहुरी, श्रीरामपूरच्या रानांत शिरतं. तिथं ऊस. उसामागं कारखाने, कारखान्यामागं चेअरमन. सहकारी साखर कारखानदारीची सुरुवात ह्याच प्रवरेच्या काठी, लोणीला झाली, १९५० साली. पुस्तकात हे अभिमानानं छापलेलं असतं. माझा बाप मात्र पाण्याच्या मागोमाग खाली जायचा तो कोयता घेऊन. पाणी तिथंच राहायचं, बाप चैत्रात परत यायचा.

हे आधी सांगितलं, कारण निळू फुले मी पहिल्यांदा पाह्यला तो ह्याच बापाच्या शेजारी बसून. राजूरच्या बाजारात तंबू टॉकीज लागलेलं. पिक्चर 'सामना'. पडद्यावर हिंदुराव धोंडे पाटील आला. साखर कारखान्याचा धनी, गावाचा धनी, हळू आवाजात बोलणारा. बापानं विडी विझवली आन् माझ्या कानात म्हनला, "ह्यो तर आपला चेरमन." मी म्हनलं, "आबा, तो नट हाय." बाप म्हनला, "आसंल. पर हासतोय बघ कसा. आसा हासला का समजायचं, पैसं बुडालं."

नाट्यशास्त्रावरची पुस्तकं मी नंतर पुष्कळ वाचली. निळूभाऊंच्या कामाची एवढी नेमकी समीक्षा कुठं वाचली नाही.

मराठी सिनेमातला जुना खलनायक ओरडायचा, मिशीला पीळ द्यायचा, डोळे वटारायचा. आपल्या वाड्यावस्त्यांतल्या माणसाला ठाऊक आहे की खरा धनी ओरडत नाही. त्याला ओरडायची गरजच काय? पोलीस त्याचा, तलाठी त्याचा, पतपेढी त्याची, विहीर त्याची. निळूभाऊंनी आवाज खाली आणला, मान जराशी तिरकी केली, डोळे अर्धे मिटले आणि शब्द जिभेवर घोळवला. भीती प्रेक्षकाच्या पोटात आपोआप उतरली. गावोगावच्या बायाबापड्या ह्या माणसाला खरोखरचा सैतान समजायच्या. टीका म्हणा नाहीतर बक्षीस म्हणा.

हे आलं कुठून? निळकंठ कृष्णाजी फुले हा माणूस वाड्यात वाढलेला नव्हे. पुण्यातलं गरीब, मोठं कुटुंब. बाप भंगार लोखंड आणि भाजीपाला विकून घर चालवायचा. पोरगा पुण्याच्या आर्म्ड फोर्सेस मेडिकल कॉलेजात माळी म्हणून लागला. पगार ८० रुपये, त्यातले १० राष्ट्र सेवा दलाला. स्वतःची रोपवाटिका काढायचं मनात होतं, भांडवल नव्हतं. म्हणजे बघा, हा माणूस मालकाच्या बंगल्यासमोर खाली वाकून आळी करणारा. खालून वर बघणाऱ्याला वरच्याच्या नाकपुड्यासुद्धा दिसतात. वरून खाली बघणाऱ्याला आपलं फक्त डोकं दिसतं.

सेवा दलाच्या कलापथकात ते तयार झाले. १९५७ च्या निवडणुकीच्या वेळी त्यांनी 'येरागबाळ्याचे काम नोहे' हे वग लिहिलं. पुलंच्या 'पुढारी पाहिजे'मध्ये रोंग्या केला. मग शंकर पाटलांचं 'कथा अकलेच्या कांद्याची', ज्यानं त्यांना महाराष्ट्रभर फिरवलं. ह्या लोकनाट्याला मध्यमवर्ग 'ग्रामीण विनोद' म्हणतो आणि टाळ्या वाजवतो. पण तमाशाचा तो सांगाडा, ती सोंगाड्याची हजरजबाबी, ती ढोलकी कुणाच्या घरची? महारा-मांगांच्या, कोल्हाट्यांच्या घरची. आमच्या माणसांनी ती शतकभर जत्रेत उन्हातान्हात जगवली तेव्हा ती अश्लील होती. थिएटरात तिकीट लागलं तेव्हा ती लोककला झाली. हा निळूभाऊंचा दोष नव्हे. पण त्यांच्यावर लिहिताना हे गाळलं तर आपणच आपल्याला फसवू.

अनंत मान्यांच्या 'एक गाव बारा भानगडी'नं (१९६८) त्यांना पडद्यावर आणलं. झेलेअण्णा गाजला. मग सरपंच, सावकार, पाटील यांची रांगच लागली. 

१९७२ साल घ्या. दुष्काळ पडलेला, आमची माणसं रोजगार हमीच्या आधीच्या त्या दुष्काळी कामांवर खडी फोडत होती. मुंबईत दलित पँथर उभी राहिली. बाबा आढावांनी 'एक गाव एक पाणवठा' सुरू केलं. आणि त्याच साली मुंबईच्या रंगभूमीवर तेंडुलकरांचा 'सखाराम बाइंडर' उभा राहिला, दिग्दर्शक कमलाकर सारंग, चंपा लालन सारंग, सखाराम निळू फुले. नवऱ्यांनी टाकलेल्या बायका घरी आणून ठेवणारा, जन्मानं ब्राह्मण असून ब्राह्मणपणाला लाथ मारणारा सखाराम. तो ज्यांनी केला ते आडनावानं फुले आणि धंद्यानं एकेकाळचे माळी! सेन्सॉरनं नाटक अडवलं, प्रकरण हायकोर्टात गेलं, नाटक जिंकलं. पांढरपेशांना शिव्यांचा राग आला. आमच्या वस्तीत ह्या शिव्या दिवसातून दहा वेळा ऐकू येतात, त्यांच्यावर कोर्ट कधी बसलं नाही.

आता 'सामना'. जब्बार पटेलांचा पहिला सिनेमा, लेखन तेंडुलकरांचं. १९७५ साली तो बर्लिनच्या महोत्सवात गेला. डॉ. लागूंचा दारुडा मास्तर गावात येतो, हिंदुराव त्याला ठेवून घेतो आणि मास्तर एकच गोष्ट विचारत सुटतो, की मारुती कांबळेचं झालं काय? दोघा नटांची ती जुगलबंदी मराठी पडद्यावर पुन्हा झालेली नाही, हे मी मानतो. पण दोस्तहो, नाव लक्षात घ्या. कांबळे. दोन मोठे नट समोरासमोर बसतात, पितात, एकमेकांना जोखतात, आणि ज्याच्यावरून सगळं चाललंय तो मारुती तुकड्या-तुकड्यानं दिसतो. धन्याला मन आहे, मास्तरला मन आहे, दोघांनाही पश्चात्ताप परवडतो. मारुतीला फक्त मरण आहे.

हे मी एकदा आमच्या अभ्यास मंडळात बोललो तर एक मित्र तडकला. म्हणाला, "अरे, निदान प्रश्न तरी विचारला! कुणाचं नाव घेऊन विचारला?" बरोबर आहे त्याचं. मारुती कांबळेचं नाव तंबू टॉकीजमधून अख्ख्या महाराष्ट्रात गेलं, आणि हिंदुरावाचा हिंदुराव इतका खरा नसता तर तो प्रश्न कुणाला टोचलाही नसता. गुन्हेगार ओळखीचा वाटला म्हणून मेलेला माणूस ओळखीचा वाटला. तरीही माझं समाधान होत नाही.

पाटलाच्या पलीकडंही निळूभाऊ होते. 'सिंहासन'मधला (१९७९) पत्रकार दिगू टिपणीस सगळं बघून शेवटी वेडापिसा होतो. दळवींच्या 'सूर्यास्त'मध्ये त्यांनी गांधीवादी अप्पाजी केला, 'सारांश'मध्ये (१९८४) पुन्हा पुढारी गुंड. हिंदीनं त्यांना फारसं ओळखलं नाही, ते जाऊ द्या. १९९१ साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. नकलाकारांनी मात्र त्यांना 'बाई, वाड्यावर या'त कोंबून टाकलं. त्या नकलेवर जे पोट धरून हसतात त्यांच्यापैकी कितींच्या आया-बहिणींना खरंच वाड्यावर जावं लागलं होतं?

पडद्याबाहेर हा माणूस उलटा. कार्यकर्त्यांच्या चुलीसाठी सामाजिक कृतज्ञता निधी उभा राहिला तेव्हा डॉ. लागूंबरोबर निळूभाऊही 'लग्नाची बेडी'चे प्रयोग करत हिंडले. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामात दिसले. १३ जुलै २००९ ला पुण्यात कर्करोगानं गेले.

मारुतीची गोष्ट इथं संपत नाही. २०१४ साली चैतन्य ताम्हाणेचा 'कोर्ट' आला. त्यातल्या लोकशाहिराचं आडनावही कांबळेच, नारायण कांबळे. गटारात उतरणाऱ्या कामगाराला गाण्यातून आत्महत्येला भरीस घातलं म्हणून त्याच्यावर खटला. भूमिका केली नागपूरच्या वीरा साथीदारांनी. ते धंद्यानं नट नव्हते, चळवळीतला माणूस, 'विद्रोही'चे संपादक. इथं कांबळे मेलेला नाही. उभा राहून बोलतो, गातो, आत जातो, सुटतो, पुन्हा गातो. साथीदार २०२१ च्या एप्रिलात करोनानं गेले. निळूभाऊंचा आवाज जिथं थांबला तिथून पुढचं बोलणं आपल्या माणसाच्या गळ्यातून यायला चाळीसेक वर्षं लागली.

त्या रात्री राजूरहून शेंडीकडं जाणाऱ्या ट्रकच्या हौद्यात आम्ही बसलो होतो. धरणाकडून गार वारा. बाप बराच वेळ गप्प होता. मग म्हनला, "चेरमन झ्याक केला त्यानं. पर त्यो कांबळे नीट दावला का रं? का मलाच मधी डुलकी लागली?"

मी म्हनलं, "न्हाई आबा. तुम्ही जागेच होता."