पित्तनलिकेचा कर्करोग : एपिजेनेटिक बदल आणि टार्गेटेड उपचार

यकृतात तयार झालेले पित्त लहान आतड्यापर्यंत नेणाऱ्या नळ्यांच्या अस्तरपेशींत उद्भवणारा कर्करोग. वैद्यकात त्याला कोलँजिओकार्सिनोमा म्हणतात. जागेवरून त्याचे तीन प्रकार पडतात: यकृताच्या आतील नलिकांचा, यकृतातून बाहेर पडताना उजवी व डावी नलिका जिथे मिळतात तिथला, आणि आतड्याजवळच्या खालच्या टोकाचा. मधल्या प्रकाराच्या गाठींचे सविस्तर वर्णन जेराल्ड क्लॅट्स्किन यांनी १९६५ मध्ये केले. म्हणून या गाठीला क्लॅट्स्किन गाठ असेही म्हणतात. ही विभागणी शस्त्रक्रियेच्या सोयीपुरती नाही. आतल्या आणि बाहेरच्या गाठींतील जनुकीय बिघाड वेगवेगळे असतात आणि त्यावरून औषधेही बदलतात. पित्ताशयाचा कर्करोग हा याचा शेजारी, पण वेगळा आजार. भारतात, विशेषतः गंगेच्या खोऱ्यात, तो अधिक आढळतो. नातेवाईक दोन्ही आजारांना ‘पित्ताच्या पिशवीचा कॅन्सर’ म्हणतात, त्यामुळे रुग्णाची माहिती ऐकताना जुना रिपोर्ट पाहिल्याशिवाय काही ठरवू नये.

नलिका तुंबली की न दुखणारी कावीळ होते. अंगाला खाज सुटते, लघवी गडद आणि शौच मातकट-पांढरे होते, वजन घटते. यकृताच्या आतल्या गाठीत मात्र कावीळ उशिरा येते, कधी येतही नाही. पोटात जडपणा एवढेच लक्षण असते.

वऱ्हाडात या आजाराचे निदान कावीळ या एका शब्दापाशी अडते. दूषित पाण्यातून येणारी हिपॅटायटिस ए किंवा ई ची कावीळ बहुतेकांत काही आठवड्यांत आपोआप ओसरते आणि श्रेय झाडपाल्याच्या औषधाला किंवा उताऱ्याला मिळते. गावाचा हा अनुभव खरा असतो, म्हणूनच तो फसवतो. मेळघाटात आणखी एक गुंता आहे. तेथे सिकलसेलचे रुग्ण आहेत; या आजारात तांबड्या पेशी फुटून डोळे पिवळे होतात आणि पित्ताशयात रंगद्रव्याचे खडेही बनतात. रक्तातील डायरेक्ट बिलिरुबिन व अल्कलाइन फॉस्फेटेज वाढलेले असणे आणि सोनोग्राफीत यकृतातील नलिका फुगलेल्या दिसणे, एवढ्यावरून अडथळ्याची कावीळ ओळखता येते. चाळिशी ओलांडलेल्या माणसाची वेदनारहित कावीळ दोन-तीन आठवड्यांत उतरणीला लागली नाही, तर सोनोग्राफीला पर्याय नाही.

कारणांच्या यादीत ईशान्य थायलंडमधील यकृत-कृमी सर्वांत प्रसिद्ध आहे. गोड्या पाण्यातील कच्चे मासे खाल्ल्याने तो पोटात जातो आणि नलिकांत वर्षानुवर्षे दाह चालू ठेवतो. जपानमध्ये ओसाका येथील एका छापखान्यातील तरुण कामगारांत हा कर्करोग आढळला, तेव्हा १,२-डायक्लोरोप्रोपेन या द्रावकाकडे बोट गेले. २०१४ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने त्याला माणसात कर्करोग घडवणारा पदार्थ ठरवले. नलिकांचा प्रायमरी स्क्लेरोझिंग दाह, नलिकांच्या जन्मजात पुटी (सिस्ट), यकृतातील खडे, हिपॅटायटिस बी व सी, सिरॉसिस ही इतर कारणे. बऱ्याच रुग्णांत यांपैकी काहीच सापडत नाही. पूर्णा खोऱ्यातील खारपाणपट्ट्याच्या पाण्याचा संशय अकोला-अमरावतीकडे या निमित्तानेही घेतला जातो. या कर्करोगाच्या प्रस्थापित कारणांत मात्र ते पाणी नाही.

एपिजेनेटिक बदल. डीएनएचा मजकूर न बदलता जनुक चालू किंवा बंद होण्याची जी व्यवस्था पेशीत असते, तिच्यातील हा बिघाड. एपिजेनेटिक्स ही संज्ञा कॉनरॅड वॉडिंग्टन यांनी १९४२ मध्ये रूढ केली. पोथीतील अक्षर न् अक्षर जागेवर आहे, पण काही पाने खळ लावून चिकटवली आहेत, असे समजावे. खळीचे काम मिथाइल गट करतात. जनुकाच्या सुरुवातीच्या भागावर ते दाट बसले की ते जनुक वाचले जात नाही. पित्तनलिकेच्या कर्करोगात पेशीविभाजनाला आवर घालणारे पी-१६ सारखे जनुक या रीतीने गप्प झालेले आढळते. डीएनए ज्या हिस्टोन प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो त्यांवरील खुणाही बदलतात. ही गुंडाळी सैल-घट्ट करणाऱ्या प्रथिनांची एआरआयडी-१ए, बीएपी-१ व पीबीआरएम-१ ही जनुके या कर्करोगात वारंवार बिघडलेली असतात, हे २०१३ मध्ये स्पष्ट झाले.

या सर्वांत आयडीएच-१ या जनुकाची कथा सर्वांत बोलकी आहे, कारण तेथे जनुकीय चूक आणि एपिजेनेटिक परिणाम यांचा दुवा एका रेणूत सापडतो. मूळ एन्झाइम पेशीत अल्फा-कीटोग्लुटारेट तयार करते. एका ठिकाणचे अमिनो आम्ल बदलले की तेच एन्झाइम त्यापासून २-हायड्रॉक्सीग्लुटारेट बनवू लागते. दोन्ही रेणू दिसायला इतके सारखे, की मिथाइल गट काढण्याचे काम सुरू करणारी टेट एन्झाइमे नव्या रेणूने अडून बसतात. मिथाइल साचत जातात, यकृतातील अपक्व पेशी प्रौढ यकृतपेशी होण्याऐवजी मधेच अडकते, आणि अशा अडकलेल्या पेशींतून पुढे कर्करोगाला वाट मिळते. यकृताच्या आतील गाठींपैकी साधारण १३ टक्क्यांत हा बदल आढळतो. बाहेरच्या नलिकांत तो विरळा. दहा देशांतील ४८९ गाठी तपासणाऱ्या २०१७ च्या अभ्यासात कृमीशी संबंधित गाठींचा मिथायलेशनचा आराखडा आयडीएच व बीएपी-१ गटाहून वेगळा निघाला. आजाराचे नाव एक असले तरी कारणानुसार पेशीवरच्या खुणा बदलतात.

टार्गेटेड उपचार. गाठ पूर्ण काढता आली तर शस्त्रक्रिया हाच पहिला उपचार, नंतर सहसा सहा महिने कॅपेसिटाबीनच्या गोळ्या. पसरलेल्या आजारात जेमसिटाबीन व सिस्प्लॅटिन ही जोडी २०१० पासून आधार आहे. तिने सरासरी आयुष्य ८.१ महिन्यांवरून ११.७ महिन्यांवर नेले. २०२२ पासून तिला दुर्व्हालुमॅब या इम्युनोथेरपीची जोड मिळाली.

आयडीएच-१ साठीचे आयव्होसिडेनिब ऑगस्ट २०२१ मध्ये अमेरिकेत या आजारासाठी मंजूर झाले. त्यामागच्या चाचणीत आजार आटोक्यात राहण्याचा काळ १.४ महिन्यांवरून २.७ महिन्यांवर गेला. आकडा छोटा आहे आणि तो छोटाच सांगितला पाहिजे. पण काही रुग्णांत आजार बराच काळ स्थिर राहतो आणि गोळी तुलनेने सोसते. एफजीएफआर-२ हे जनुक दुसऱ्या जनुकाला चिकटून सतत चालू राहते, तेव्हा पेमिगॅटिनिब (एप्रिल २०२०) किंवा फ्युटिबॅटिनिब (२०२२) उपयोगी पडते. पेमिगॅटिनिबने एकतृतीयांशाहून थोड्या अधिक रुग्णांत गाठ लक्षणीय आक्रसली. रक्तातील फॉस्फेट वाढणे, नखे खराब होणे, दृष्टिपटलाचा त्रास हे त्याचे ठरलेले उपद्रव. बाहेरच्या नलिका व पित्ताशयाच्या गाठींत हर-२ प्रथिन अधिक सापडते. त्यासाठी झॅनिडाटामॅब नोव्हेंबर २०२४ मध्ये आले. मिथाइल गटच हटवणारी अझासिटिडीन, डेसिटाबीन ही औषधे रक्ताच्या आजारांत स्थिरावली, पित्तनलिकेच्या गाठीत मात्र ती नेहमीच्या उपचारात आलेली नाहीत. शास्त्रीय कुतूहल जिथे सर्वाधिक, तिथेच औषध मागे राहिले आहे.

वऱ्हाडातील वाट. अमरावतीत विभागीय संदर्भ सेवा रुग्णालय, अकोल्यात संत तुकाराम रुग्णालय, पुढे नागपूरचे राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालय आणि शेवटी परळचे टाटा, असा रुग्णांचा साधारण क्रम असतो. मुंबईला रात्रीच्या गाडीने गेलेली अनेक कुटुंबे दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत उतरतात. तुकडोजी महाराज व गाडगे महाराज दोघेही अमरावती जिल्ह्यातले, हा योग रुग्णांच्या नातेवाइकांच्या लक्षात हमखास येतो. राज्याची जीवनदायी योजना (आता महात्मा फुले जन आरोग्य योजना) २०१२ मध्ये ज्या आठ जिल्ह्यांत प्रथम सुरू झाली, त्यांत अमरावती होता; अकोला दुसऱ्या टप्प्यात, २०१३ मध्ये आला. शस्त्रक्रिया व केमोथेरपी तिच्यात येतात. आजाराचे स्थानिक प्रमाण सांगणे मात्र अवघड आहे: राष्ट्रीय कर्करोग नोंदणीच्या २०२० च्या अहवालात विदर्भातून नागपूर व वर्धा होते, अमरावती व अकोला नव्हते.

या वाटेवर सर्वांत जास्त हरवतो तो तपासणीचा तुकडा. कावीळ उतरवण्यासाठी एन्डोस्कोपीने घाईने स्टेंट टाकला, तर नंतरच्या एमआरआयमध्ये गाठीची सीमा धूसर दिसते. म्हणून चित्रे आधी काढावीत. नलिकेतून ब्रशने मिळणाऱ्या पेशी निदानाला जेमतेम पुरतात, जनुकचाचणीला बहुधा नाही. सुईने घेतलेला तुकडा मेणाच्या ब्लॉकमध्ये जतन होतो. त्यातूनच आयडीएच, एफजीएफआर व हर-२ च्या चाचण्या होतात, आणि मागणी केल्यास प्रयोगशाळा तो ब्लॉक रुग्णाला पुढच्या रुग्णालयासाठी देते. दुसऱ्यांदा सुई घालण्याचा त्रास व खर्च त्यामुळे वाचतो. ऊतक संपले असेल तर रक्तातील गाठीच्या डीएनएवरून चाचणी करता येते. पण तिचा निकाल नकारात्मक आला म्हणून बदल नाही असे धरता येत नाही, विशेषतः एफजीएफआर-२ ची जोडणी तिच्या नजरेतून निसटते.