वृद्धाश्रमात आई-वडिलांना ठेवण्याआधी काय पाहायचं? सेवा, हक्क आणि तक्रारीची पूर्ण माहिती

यवतमाळ : कापूस वेचणीच्या दिवसांत मुलगा-सून सकाळीच शेतात जातात, नातू कामासाठी पुण्याला असतो आणि घरात बाजेवरची आजी दिवसभर एकटीच. काही घरी तर मूलबाळच नसतं. मग कोणीतरी वृद्धाश्रमाचं नाव काढतं. आर्णी तालुक्यातील उमरी पठारच्या संत दोला महाराज वृद्धाश्रमामुळे हा शब्द आपल्या जिल्ह्याला नवा नाही. पण आश्रम चांगला की वाईट, हे ओळखायचं कसं, हे फार कमी लोकांना ठाऊक असतं.

बहुतेक जण इमारत, टाइल्स, बाग आणि मंदिर पाहून ठरवतात. म्हाताऱ्या माणसाचे हाल मात्र टाइल्सअभावी होत नाहीत. रात्री लघवीला उठवायला कोणी नसलं, पाठीला जखम झाली आणि कोणी पाहिलीच नाही, की हाल होतात. म्हणून पाहायचं ते हेच.

कायदा काय सांगतो

आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांचा निर्वाह व कल्याण कायदा 2007 सालचा आहे. महाराष्ट्रात तो 1 मार्च 2009 पासून लागू झाला आणि राज्याचे नियम 2010 मध्ये आले. 60 वर्षं पूर्ण झालेली व्यक्ती म्हणजे ज्येष्ठ नागरिक. कायद्याच्या कलम 19 नुसार निराधार ज्येष्ठांसाठी राज्य सरकार टप्प्याटप्प्याने वृद्धाश्रम उभारू शकतं. प्रत्येक जिल्ह्यात किमान एक आणि त्यात किमान 150 जणांची सोय, असं कायद्यात लिहिलं आहे. प्रत्यक्षात ग्रामीण भागात बराचसा भार स्वयंसेवी संस्थाच उचलतात. 2011 च्या जनगणनेत राज्यात 60 वर्षांवरील लोक 1 कोटी 11 लाखांच्या आसपास होते. ही संख्या पाहिली तर चांगल्या आश्रमाची गरज किती, ते समजतं.

पाहायला कधी जायचं

वाढदिवस, पुण्यतिथी किंवा पुढाऱ्याच्या कार्यक्रमाच्या दिवशी जाऊ नका. त्या दिवशी जेवण गोड असतं अन् चादरी नव्या असतात. साध्या दिवशी, शक्यतो न सांगता, संध्याकाळी जेवणाच्या वेळी जा. एकदा सकाळीही चक्कर मारा. कार्यालयात बसून चहा घेण्यापेक्षा खाटेजवळ जाऊन बसा. “आजी, सकाळी काय खाल्लं?” एवढंच विचारा. आजी उत्तर देण्याआधी व्यवस्थापकाच्या तोंडाकडे पाहत असेल, तर समजून घ्या.

या गोष्टी नक्की तपासा

1. रात्री कोण असतं? दिवसा कर्मचारी दिसतात, पण म्हातारी माणसं पडतात ती बरेचदा रात्री संडासला जाताना. खुब्याचं हाड मोडलं की या वयात माणूस उठायला कठीण. रात्रपाळीला किती जण, हाक मारली तर ऐकू जाते का, वाटेवर दिवा असतो का, ते विचारा.

2. संडास-बाथरूम. फरशी कोरडी हवी, धरायला दांडा हवा, बसायला कमोड हवा. दार आतून लागतं पण अडचणीत बाहेरून उघडता येतं का, तेही पाहा.

3. पाणी. आपल्याकडे मे महिन्यात पारा 44-45 अंशांवर जातो. वय झालं की तहान कमी जाणवते. त्यामुळे माठ भरून ठेवला म्हणजे काम झालं असं नाही. ठरावीक वेळाने ग्लास हातात देणारं माणूस लागतं. कूलर चालतो का, वीज गेली तर सोय काय, हे उन्हाळ्याआधीच विचारून घ्या.

4. जेवण. दात नसलेल्याला कडक भाकर चालत नाही. मऊ भात, पातळ वरण, कण्या मिळतात का? शुगर असलेल्याला वेगळं देतात का? संध्याकाळी सहाला जेवण आणि सकाळी नऊला नाश्ता म्हणजे मध्ये पंधरा तास पोट रिकामं. एवढं अंतर चांगलं नाही.

5. अंथरुणाला खिळलेले. आश्रमाची खरी परीक्षा इथेच होते. अशा माणसाला साधारण दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी लागते. नाहीतर माकडहाड, खुबा, टाचा इथं जखमा होतात आणि त्या लवकर भरत नाहीत. काही ठिकाणी फक्त चालत्या-फिरत्या माणसांनाच घेतात. उद्या आपला माणूस अंथरुणाला खिळला तर ठेवतील की परत पाठवतील, हे प्रवेशाआधीच विचारा.

6. गोळ्या-औषधं. प्रत्येकाच्या नावाचा वेगळा डबा हवा. बीपी-शुगरची नोंद वहीत हवी. वही मागून पाहा. महिनाभराच्या नोंदी एकाच पेनाने, एकाच बसणीत लिहिलेल्या वाटल्या तर ती वही उपयोगाची नाही. 70 वर्षांवरील प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्ड निघतं. त्यावर कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंतचे उपचार यादीतील रुग्णालयांत मिळतात. आश्रमाने सगळ्यांची कार्डं काढली आहेत का, ते विचारा.

पासबुक कोणाकडे?

श्रावणबाळ योजनेचे महिन्याला 1500 रुपये किंवा शेत विकून आलेली रक्कम ज्या खात्यात आहे, त्याचं पासबुक आणि एटीएम शक्यतो त्या व्यक्तीकडेच राहावं. सांभाळायला दुसऱ्याकडे दिलं तर लेखी पावती घ्या. कोऱ्या कागदावर अंगठा कधीच नको. मासिक शुल्क किती, अनामत परत मिळते का, दवाखान्याचा खर्च कोणाचा, अंत्यविधी कोण करणार, हे सगळं लिहून घ्या. आणि सर्वात आधी, ज्यांना ठेवायचं त्यांनाच विचारा. “चार दिवस राहून ये” म्हणून खोटं सांगून सोडून येणं ही फसवणूक झाली.

तक्रार कुठे करायची

आश्रमात हयगय, मारहाण किंवा पैशाची गडबड दिसली तर जिल्ह्याच्या समाजकल्याण सहायक आयुक्त कार्यालयात लेखी अर्ज द्या, पोच घ्या. मारहाण असेल तर थेट पोलीस ठाणं. ज्येष्ठांसाठी 14567 ही टोल फ्री हेल्पलाइन सकाळी 8 ते रात्री 8 चालते.

मुलं सांभाळत नसतील तर उपविभागीय अधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील न्यायाधिकरणाकडे निर्वाहासाठी अर्ज करता येतो. वृद्ध व्यक्तीला स्वतः जमत नसेल तर तिने अधिकार दिलेली दुसरी व्यक्ती किंवा संस्थाही अर्ज करू शकते. अर्ज साधारण 90 दिवसांत निकाली काढायचा असतो. 2007 च्या कायद्यात महिन्याला 10 हजारांपर्यंत निर्वाह भत्त्याची तरतूद आहे. ज्याच्यावर सांभाळायची जबाबदारी आहे त्याने वृद्धाला वाऱ्यावर सोडलं तर तीन महिन्यांपर्यंत कैद, 5 हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. सांभाळण्याच्या अटीवर शेत किंवा घर मुलाच्या नावे केलं आणि त्याने सांभाळलं नाही, तर कलम 23 नुसार ते हस्तांतरण रद्द करून मागता येतं.

गावाने काय करायचं

सरकारी तपासणी वर्षातून किती वेळा होईल ते आपल्या हातात नाही. मात्र ज्या आश्रमात लोकांचं येणं-जाणं असतं, तिथं काही लपून राहत नाही. देणगी द्यायचीच तर विचारून द्या. लाडूंचे डबे बरेच जण आणतात. डायपर, वॉकर, कमोडची खुर्ची, रात्रपाळीच्या माणसाचा एका महिन्याचा पगार यासाठी हात फारसा कोणाचा पुढे येत नाही. आणि ज्यांनी आपलं माणूस ठेवलं आहे त्यांनी दर महिन्याला तरी जावं. ज्या आजीला भेटायला कोणी येतं, तिच्याकडे कर्मचाऱ्यांचंही लक्ष जास्त असतं, हा साधा हिशेब आहे. ज्यांचं कोणीच येत नाही, त्यांच्या खाटेजवळही जाताना दोन मिनिटं थांबा. पाठ दुखते का, पाणी प्यालात का, एवढं विचारलं तरी पुरे.